कालव्याचे पाणी आणि उसाची तहान

नगर-मनमाड रस्त्याने शिर्डी जवळ येऊ लागली की दोन्ही अंगांना ऊस दिसतो, राहात्याकडे पेरूच्या बागा लागतात. हे हिरवेपण फार जुने नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी हा मुलूख, म्हणजे तेव्हाचा कोपरगाव तालुका, ज्वारी-बाजरीचा. आभाळाकडे डोळे लावून बसणारा. १८९९-१९०० च्या दुष्काळात दख्खनचा मुलूख होरपळला आणि कालव्यांच्या कामांना जोर आला. १९०७ नंतर नाशिक जिल्ह्यात नांदूर-मधमेश्वरला गोदावरीवर बंधारा उभा राहिला, दारणा नदीवरचे धरण १९१६ मध्ये पुरे झाले, आणि उजव्या कालव्याचे पाणी शिर्डी-राहात्याच्या शिवारात खेळू लागले.

कालवा काढला होता दुष्काळातली ज्वारी वाचवायला. पण पाऊस बरा झाला की ज्वारीसाठी पाणीपट्टी भरणार कोण? ती परवडणारे पीक म्हणजे ऊस. बागाइतीत तरबेज असलेले सासवडकडचे माळी खंडाने जमिनी घेऊन इकडे आले, गुऱ्हाळे लागली. शेजारी प्रवरेच्या खोऱ्यात १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण झाले, आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५०-५१ च्या हंगामात लोणीचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. ही हकीकत आपण पुष्कळदा ऐकली आहे. आज मला तिची दुसरी बाजू सांगायची आहे.

माझ्या आजोळी कालव्याच्या खालच्या अंगाला तीन एकर भारी काळी जमीन होती. आजोबा त्या तुकड्याला ‘चिबड’ म्हणत. पायाखाली ओल, सरीत पाणी, आणि वर ऊस पिवळा. भर दुपारी पानांच्या सुरळ्या झालेल्या. उन्हाळ्यात ढेकळांवर मीठ फुलावे तसा पांढरा थर. “पाण्यात उभा राहून ऊस तहानेनं मेला,” असे आजोबा म्हणायचे. मला ते बोलणे गमतीचे वाटे. मी इतिहासाचा माणूस. ते वाक्य अक्षरशः खरे होते हे पुढे कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी मला समजावून दिले.

झाड पाणी पिते कसे, हा प्रश्न माणसाला फार दिवस छळत होता. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने सूर्यफुलाची कुंडी तागडीत घालून, पानांवाटे किती पाणी उडून जाते ते मोजले आणि १७२७ मध्ये ग्रंथ लिहिला. १८९० च्या सुमारास स्ट्रासबुर्गर या जर्मनीतल्या प्राध्यापकाने तर मोठमोठी झाडे बुंध्याशी कापून विषारी द्रावणात उभी केली. खोडातल्या जिवंत पेशी मेल्या, तरी द्रावण वर चढतच राहिले! मग ते चढवतो कोण? १८९४ मध्ये डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी उत्तर दिले. पानातून वाफ उडते, तिच्या जागी खालचे पाणी ओढले जाते, आणि पाण्याचे कण एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की मुळापासून पानापर्यंतचा धागा तुटत नाही. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी १९२३ मध्ये वेगळे मत मांडले, की जिवंत पेशींच्या स्पंदनाने रस चढतो. ते मत टिकले नाही. पण हा प्रश्न त्यांना लिहिण्याजोगा वाटला, याचे मला अप्रूप आहे.

आता उसाचे कांडे घ्या, सोला आणि चावा. रस गिळल्यावर तोंडात धागे उरतात ना? त्या प्रत्येक धाग्यात दोन प्रकारच्या नळ्या. एक जलवाहिनी, मुळाकडून पाणी वर नेणारी. दुसरी रसवाहिनी, पानात तयार झालेली साखर खाली आणणारी. कडुलिंबाच्या खोडात या नळ्यांचे कडे असते आणि त्याचे लाकूड साठत जाते. उसात मात्र धागे सगळीकडे विखुरलेले. ऊस वाढतो तो गाठीच्या लगेच वर असलेल्या कोवळ्या पट्ट्यातून. ऐन वाढीच्या महिन्यात पाण्याचा ताण पडला की त्या वेळची पेरे आखूड राहतात. एखाद्या आडसाली उसाची पेरे खालून वर मोजीत जा, दीड वर्षाचे दप्तरच उलगडते.

पण मुख्य गोष्ट पुढेच आहे. जलवाहिनी ही मेलेल्या पेशींची पोकळ नळी. ती मेलेलीच काम करते. मूळ मात्र जिवंत लागते. जिवंत म्हणजे श्वास घेणारे. मातीतल्या बारीक पोकळ्यांत पाणी तुंबून राहिले की तिथली हवा जाते, मूळ गुदमरते, त्याची पाणी आत घेण्याची शक्ती मंदावते, पुढे ते कुजते. वर पान उन्हात वाफ सोडतेच आहे. खालून भरपाई नाही. त्यात क्षारांची भर. आपल्या घरातल्या बायका कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवतात, तेव्हा फोडींना पाणी सुटते. खारवट मातीत मुळाची गत तशीच होते. पाणी शेजारी असून ओढून घेता येत नाही.

हे संकट आधी नीरेच्या कालव्यावर दिसले. तो डावा कालवा १८८५ चा. तिथल्या खारजमिनींवर पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी १९१० मध्ये पुस्तिका काढली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी शतकाच्या आरंभीच ‘ब्लॉक’ पद्धत सुचवली होती, की उसाला ठराविक हिस्साच द्यावा, बाकी जमिनीत कमी पाण्याची पिके फिरती ठेवावीत. १९१६ मध्ये मुंबई सरकारने पाटबंधाऱ्याच्या अभ्यासासाठी खास शाखा काढली. खडकवासल्याची आजची मोठी जलसंशोधन संस्था हा तिचाच विस्तार. तेथे क्लॉड इंग्लिस यांनी जमिनीखालच्या पाण्याचा निचरा हा विषय लावून धरला. म्हणजे गोदावरीचे कालवे पुरे होत होते तेव्हाच रोग आणि औषध दोन्ही कागदावर होते! मग जमिनी का बिघडल्या? पाणीपट्टी क्षेत्रावर, पाण्याच्या मापावर नव्हे. दारे धरली की हात आखडत नसे. आणि पाट काढायला जेवढी घाई, तेवढी चर खोदायला नव्हती.

शेतकऱ्याला हे ठाऊक नव्हते असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्या भाषेत ‘वाफसा’ शब्द आहे. जमीन ओलीही हवी आणि मोकळीही. पायाला चिकटू नये, मुठीत दाबली तर ढेकूळ व्हावे आणि बोटाने फुटावे. पाणी आणि हवा दोन्हींचा हिशेब त्या एका शब्दात बसतो. शिक्षकांनी दोन डब्यांत बाजरी पेरून पाहावी. एकाच्या बुडाला भोके ठेवावीत, दुसऱ्याच्या नाही, आणि दोन्हींत भरपूर पाणी ओतावे. मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

आजोळच्या त्या तुकड्यात मामांनी शेवटी चर खोदला. पण चर ओढ्याला मिळायचा तर खालच्या दोन शेजाऱ्यांच्या रानातून जाणार; ते कबूल होईपर्यंत दोन पावसाळे गेले. त्यानंतर मामांनी धैंचा पेरून गाडला, चोपण भागात जिप्सम टाकले, पावसाने क्षार थोडे थोडे धुऊन नेले. आता तिथे गहू येतो. बांधाकडचे दोन वाफे अजून उन्हाळ्यात पांढरे पडतात.