कोयत्यापासून गव्हाणीपर्यंत

२०२१च्या सप्टेंबरात मांजरा धरण भरून वाहिलं. धाराशिव जिल्ह्यात तेव्हा शिवारंच्या शिवारं उसाखाली होती. ढोकीचा तेरणा साखर कारखाना मात्र बंदच होता. मे उजाडला तरी ऊस उभा. अखेर १ मे २०२२नंतर गाळल्या जाणाऱ्या उसासाठी सरकारनं टनामागे २०० रुपये घट-उतारा अनुदान जाहीर केलं. एवढा ऊस तुंबला कसा, हे समजायला एका खेपेचे तास मोजावेत. खालचा क्रम कुठल्या एका कारखान्याचा नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात कळंब-वाशीकडच्या कुठल्याही फडात तो असा घडू शकतो.

सकाळी ६. उरले २४ तास. टोळी फडात शिरते. कोयता बुडख्यावर बसतो आणि मुळाकडून येणारं पाणी तुटतं. कांडीचा श्वास चालूच राहतो, त्यात साठवलेली साखर खर्ची पडू लागते. चांगला साखर-उतारा हवा तर ऊस २४ तासांच्या आत गाळायचा, हे प्रत्येक शेतकी अधिकाऱ्याला पाठ असतं. तोडीच्या चिठ्ठीवर मात्र सहसा तारीख असते, तास नसतो.

सकाळी ११. उरले १९. मोळ्या बांधून पडल्यात, ट्रॅक्टर नाही. तो आधीच्या खेपेसह यार्डात अडकलाय. ऊन चढतं, वजन घटतं.

दुपारी ४. उरले १४. भरणी सुरू.

रात्री ८. उरले १०. यार्डात नंबर पडतो. या उसाची वेळ पहिल्यांदा नोंदली जाते ती इथं. मधले चौदा तास कुठल्याच हिशेबात नाहीत. वजनकाटा रांग संपल्यावर, त्यामुळे रांगेत सुकलेलं पाणीही शेतकऱ्याच्याच माथी. २०२१-२२च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, दहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे २९० रुपये होती, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातूनच वजा व्हायचा.

नियोजनाची महागडी संगणकप्रणाली घेऊ पाहणाऱ्या कारखान्यांना माझं कळकळीचं सांगणं अशा नोंदींबद्दल आहे. टोळ्या, वाहनं, रस्ते आणि मिलची ताशी क्षमता यांचा मेळ यंत्र क्षणात घालील. पण त्याला द्यायचं काय? तोडीचा तास नोंदलेला नसतो, आणि ज्या नोंदी असतात त्याही भरवशाच्या नसतात. तोड लवकर मिळावी म्हणून लागणीची तारीख मागे ओढून सांगितली जाते. खोडव्याची नोंद लागणीत शिरते. को ८६०३२ वाणाचा ऊस पक्व झाला का, हे हातातल्या ब्रिक्समापकानं बघायला सहसा कुणी फडात जात नाही. २०२२मध्ये साखर आयुक्तालयानं ‘महाऊस नोंदणी’ ॲप आणलं, शेतकऱ्यानं स्वतः नोंद करावी म्हणून. ते चांगलंच झालं. तरी नोंद खरी आहे का, हे बांधावर उभं राहूनच तपासावं लागतं, आणि ते काम प्रणाली विकत घेण्याच्या आधीचं आहे.

रात्री ११. उरले ७. बॉयलरची नळी फुटते, मिल थांबते. यार्डात ट्रॅक्टरांमागे ट्रॅक्टर. आता सगळ्यात महत्त्वाचं काम एकच: उद्याची तोड रोखणं. शेतकी विभागात निरोप पोचतो, पण कोणती टोळी उद्या कोणत्या फडात आहे याची एकत्र यादी नाही. चिटबॉयला, म्हणजे कारखान्याच्या गावातल्या शेतकी कारकुनाला, कळेपर्यंत उजाडतं.

सकाळी ६. उरला शून्य. टोळ्या पुन्हा फडात. मुकादमाची उचल टनावर फिटते. निरोप नसताना कोयता थांबणार कशाला? काही ठिकाणी तोड लवकर उरकावी म्हणून फडच पेटवला जातो. जळीत ऊस तर आणखी झपाट्यानं बिघडतो.

सकाळी १०. चार तास उलटून. यार्डातल्या उसात साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतेय. चिरलेल्या टोकांतून ल्युकोनॉस्टॉक जिवाणू शिरलेत, ते डेक्स्ट्रान बनवतात. रस बुळबुळीत होतो, गाळणी अडते, पॅनमध्ये साखरेचे दाणे सुईसारखे लांबट पडतात. उतारा घसरतो तो असा.

दुपारी २. आठ तास उलटून. मिल सुरू होते. मिलला ऊस पुरवणाऱ्या गव्हाणीत आधी कोणता ऊस टाकायचा? तोडीची वेळ कुणाकडेच नाही, म्हणून नंबर लागतो यार्डात पोचण्याच्या क्रमानं. कारखान्याजवळच्या शिवारातला, काल संध्याकाळी ५ला तुटून ७ला आलेला ऊस पुढे जातो. काल सकाळी ६चा त्याच्या मागे उभा राहतो.