मालकी कुठे संपते? भोसरी-चाकणच्या भंगाराची गोष्ट

तत्त्वज्ञानाच्या वर्गात मालकी हा विषय आला की आपण जॉन लॉकपासून सुरुवात करतो. निसर्गातली वस्तू एखाद्या माणसाची कशी होते? तो तिच्यात आपले श्रम मिसळतो म्हणून, असं त्याचं सतराव्या शतकातलं उत्तर. मालकी सुरू कशी होते यावर तेव्हापासून भरपूर लिहिलं गेलं आहे. ती संपते कशी, यावर त्यामानाने फारच थोडं. वस्तू विकली, दिली किंवा टाकली की मालकी संपली, असं आपण धरून चालतो.

आज मला एवढंच विचारायचं आहे. कारखान्यातला जुना कॉम्प्युटर टेम्पोत चढला, गेट पासवर शिक्का पडला, टेम्पो बाहेर गेला. मालकाची जबाबदारी तिथे संपली का? हा प्रश्न मी पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या इतिहासातून विचारणार आहे. कारण या पट्ट्यात बराच काळ त्याचं उत्तर 'हो' असं होतं, आणि त्या काळात ते फारसं चुकीचंही नव्हतं.

थोडं मागे जाऊ. १९५४ साली पेनिसिलिन बनवण्यासाठी पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी आली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली. आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महापालिका. नांगरटीची गावं बघता बघता महानगर झाली.

मोठ्या कारखान्यांबरोबर भोसरीत लहान वर्कशॉप उभी राहिली. पत्र्याचं छप्पर, दोन लेथ, एक मिलिंग मशीन, आणि मालक स्वतःच सकाळी शटर उघडणारा. आता लेथवर काम झालं की कीस पडतोच. प्रेस शॉपमधून पत्र्याच्या कातरणी निघतात, तुटलेली टूल निघतात. हे सगळं भंगारवाला उचलायचा, वजन करायचा, पैसे द्यायचा. तो माल पुढे भट्टीत जायचा. आजही जालन्याच्या पोलाद कारखान्यांना आणि कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना भंगार लागतंच. म्हणजे ज्याला आपण आज मोठ्या थाटात 'चक्राकार अर्थव्यवस्था' म्हणतो, ती भोसरीत वजनकाट्यावर रोज चालू होती. कुणी तिच्यावर परिसंवाद घेत नव्हतं, एवढंच.

लोखंड तसा भला धातू आहे. वितळवलं की पुन्हा लोखंडच होतं, आणि हाताळणाऱ्याला सहसा विष देत नाही. कूलंट आणि तेल नाल्यात जायचं हे खरं, आणि पवनेने ते सोसलं. पण भंगारापुरतं बोलायचं तर जास्तीत जास्त भावाने विकणं आणि नीट विल्हेवाट लावणं या दोन गोष्टी जवळजवळ एकच होत्या. खरेदी-विक्री खात्यांना जी सवय लागली, ती इथे लागली. भंगार म्हणजे उत्पन्न, निविदा काढा, जो जास्त देईल त्याला द्या.

पुढे इलेक्ट्रॉनिक्स आलं. आधी हिशेबाच्या खात्यात कॉम्प्युटर, मग सीएनसी मशीन, मग प्रत्येक लाइनवर पीएलसी, ड्राइव्ह, पडदे, स्कॅनर. चाकणला १९९९ मध्ये बजाजचा प्रकल्प आला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा. तिथे रोबोंच्या रांगा वेल्डिंग करू लागल्या. शेजारी तळवडे आणि हिंजवडीत तर कॉम्प्युटर हेच काम.

या वस्तूंचं म्हातारपण वेगळं असतं, हे नीट लक्षात घ्या. चाळीस वर्षांचा लेथ भोसरीत अजून फिरताना दिसेल. बेअरिंग बदललं, गिअर बदलला, चालला. पण कंट्रोल कार्ड झिजत नाही, ते कालबाह्य होतं. स्पेअर मिळत नाही, नवं सॉफ्टवेअर चालत नाही, कंपनी सपोर्ट बंद करते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या परिशिष्टात कॉम्प्युटरचं उपयुक्त आयुष्य ३ वर्षं धरलंय आणि सर्व्हरचं ६. हिशेबाच्या वहीत तीन वर्षांत म्हातारा! तो पुढे चालवू नका असं कायदा म्हणत नाही, पण वहीत किंमत उरली नाही की तो कोपऱ्यात ढकलणं सोपं जातं. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, असं संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अहवाल सांगतो. त्यातल्या २२.३ टक्क्यांचंच नीट संकलन आणि पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे.

आता त्या टेम्पोत काय चढलं ते बघू. जुन्या जाड मॉनिटरच्या काचेत शिसं. जुन्या बोर्डांच्या सोल्डरमध्ये कथिलाबरोबर शिसं. जुन्या सपाट पडद्यांच्या मागच्या दिव्यांत पारा. वायरवर पीव्हीसी. यूपीएसमध्ये शिशाच्या बॅटऱ्या आणि आम्ल. आणि याच ढिगात तांबं आहे, चांदी आहे, थोडं सोनंही आहे. विष आणि सोनं एकाच बोर्डावर, हीच खरी अडचण.

इथे जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळा मुद्दा या ठिकाणी आहे. समजा दोन जण भाव देतात. एक शंभर रुपये म्हणतो, दुसरा साठ. जुनी सवय सांगते, शंभरवाल्याला द्या. पण तो शंभर कसे देऊ शकतो? सोनं दोघांसाठी तेवढंच आहे. साठवाल्याला धूर शुद्ध करणारी यंत्रणा चालवायची आहे, कामगारांना संरक्षक साधनं द्यायची आहेत, उरलेला घातक गाळ रांजणगावसारख्या अधिकृत प्रक्रिया केंद्रात पैसे भरून पाठवायचा आहे. शंभरवाला यातलं काही करत नसेल तर? तो बोर्ड शेगडीवर तापवून चिप सुट्या करतो, सोन्यासाठी आम्लात बुडवतो आणि उरलेलं आम्ल नाल्यात ओततो. वायर उघड्यावर जाळून तांबं काढतो. म्हणजे वरचे चाळीस रुपये त्या पोराच्या फुप्फुसातून आणि नदीतून आलेले आहेत. लोखंडाच्या काळात जास्त भाव म्हणजे चांगला व्यवहार होता. इथे जास्त भाव ही संशयाची खूण असू शकते. आपली खरेदी-विक्री खाती अजून लोखंडाच्याच काळात आहेत.

हे सगळं कल्पनेतलं नाही. उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. धातू वितळवण्याचं कसब तिथे पिढ्यांपासूनचं. त्याच गावात देशभरातून सर्किट बोर्ड येऊ लागले, आणि रामगंगेच्या काठावर काळ्या राखेचे ढीग साचले. राष्ट्रीय हरित लवादाला त्यात लक्ष घालावं लागलं. ते बोर्ड मुरादाबादेत जन्मले नव्हते. कुठल्या तरी कार्यालयाच्या, कुठल्या तरी कारखान्याच्या गेटमधून रीतसर पावती करून बाहेर पडले होते.

आणखी एक उदाहरण देतो. ते ई-कचऱ्याचं नाही, पण जुन्या उपकरणाचंच आहे, आणि आम्हा शिक्षकांना लाज वाटावी असं आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात एक गॅमा विकिरण यंत्र होतं, आत कोबाल्ट-६०. ते १९८५ पासून बंद पडून होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोचलं. तिथे ते फोडलं. हात लावणाऱ्यांना काय माहीत आत काय आहे? अनेक जण किरणोत्साराने आजारी पडले, एक कामगार एप्रिलमध्ये गेला. त्या यंत्रात काय आहे हे समजणारी माणसं विभागात होती, आणि ते फोडायची वेळ आली ती काहीच माहीत नसलेल्यावर. मालकीबरोबर ज्ञानही असतं, मित्रहो. लिलावात वस्तू गेली, ज्ञान मागे राहिलं.

कायद्याने आपल्याकडे हे हळूहळू ओळखलं. २०११ चे ई-कचरा नियम मे २०१२ पासून लागू झाले. पुढे २०१६ चे आले, आणि आता २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. बनवणाऱ्यावर वस्तूच्या अखेरपर्यंतची जबाबदारी टाकली गेली. वापरणाऱ्यांतही 'मोठा ग्राहक' हा वर्ग आहे. वर्षात कधीही यादीतली किमान १००० उपकरणं वापरात असतील, तर ती संस्था मोठी ग्राहक, आणि तिने ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्तीकार किंवा पुनर्चक्रण करणाऱ्यालाच द्यायचा. चाकणच्या एखाद्या कारखान्यात नुसते कॉम्प्युटर, प्रिंटर, फोन, ट्यूबलाइट मोजल्या तरी हा आकडा गाठायला वेळ लागत नाही.

पण या पट्ट्याच्या दृष्टीने नियमांत दोन मोठी भोकं आहेत. एक, विद्युत अवजारांच्या यादीतून जागेवर बसवलेली मोठी औद्योगिक यंत्रं वगळली आहेत. म्हणजे टेबलावरचा कॉम्प्युटर यादीत, आणि जिच्यावर हा सगळा पट्टा जगतो ती सीएनसी मशीन बाहेर. दोन, सूक्ष्म उद्योगांना नियम लागू नाहीत. भोसरीची निम्मी कहाणी तर सूक्ष्म उद्योगांचीच आहे!

आता कुदळवाडी. चिखलीजवळचा हा भाग गेली अनेक वर्षं भंगाराच्या गोदामांचा. वारंवार आगी लागायच्या, काळा धूर आजूबाजूच्या सोसायट्यांवर यायचा, नाल्यांतली घाण इंद्रायणीकडे जायची. ती इंद्रायणी पुढे आळंदीला जाते, हे मी तुम्हाला सांगायला नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामं पाडली. त्यावर बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोललं गेलं. माझी एकच शंका आहे. ज्या आठवड्यात शेड पडली, त्या आठवड्यात कारखान्यांतून निघणारं भंगार किती कमी झालं? काहीच नाही. ते गेटमधून बाहेर पडतच होतं, फक्त वळण बदललं असणार. आपण कचऱ्याचा शेवटचा मुक्काम पाडतो आणि पहिल्या मुक्कामाला साधं पत्रही लिहीत नाही.

पहिल्या मुक्कामावर काय चालतं, तेही बोललं पाहिजे. चाकण पट्ट्यात भंगाराचा ठेका ही स्थानिक वजनाची गोष्ट आहे. जमिनी गेल्या, नोकऱ्या सगळ्यांना मिळाल्या नाहीत, मग ठेका तरी आमच्या पोरांना द्या, ही मागणी समजण्यासारखी आहे. पुढे तिच्यात दमदाटी शिरते, तेही सर्वांना ठाऊक आहे. मॅनेजर मंडळी मग एकच ठेका देऊन मोकळी होतात, त्यात लोखंड, पुठ्ठा, प्लास्टिक आणि कॉम्प्युटर सगळं एकत्र. माझं म्हणणं, निदान एवढी फोड करा. लोखंड-पुठ्ठ्याचा ठेका स्थानिकांकडे राहू दे, त्यात त्यांचं पोट आहे. इलेक्ट्रॉनिक माल त्या ठेक्यातून काढा आणि वेगळा द्या. हार्ड डिस्कवर ग्राहकांची, कामगारांची माहिती असते, हे कारण सांगितलं तर मुंबईचं मुख्य कार्यालयही लगेच ऐकेल. नदीचं कारण सांगून ऐकेलच असं नाही.

कुणी म्हणेल, यात गरीब भंगारवाल्याच्या पोटावर पाय येतो. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे. कचरा वेचणाऱ्यांना संघटित करून सन्मानाने कामात सामावता येतं, हे तिने दाखवलं. गोळा करणं, वेगळं करणं, उघडून सुटे भाग काढणं, हे काम त्याच हातांना द्यावं. आम्ल आणि आग मात्र त्यांच्या हाती देऊ नये. आणि अधिकृत कारखाना म्हणजे सगळं पवित्र, असंही नाही. बेल्जियममधल्या होबोकेनच्या नावाजलेल्या कारखान्याशेजारी राहणाऱ्या मुलांच्या रक्तात २०२० मध्ये वाढलेलं शिसं आढळलं होतं. प्रमाणपत्र भिंतीवर लावून विसरू नका. वर्षातून एकदा तुमचा माणूस तिथे जाऊन बघून येऊ दे.

राहिला भोसरीच्या लहान मालकाचा प्रश्न. त्याच्याकडे वर्षाला दोन बोर्ड, एक यूपीएस, चार ट्यूबलाइट निघणार. एवढ्यासाठी कोण गाडी पाठवेल? पण मोठ्या वाहन कंपन्यांच्या गाड्या ठरल्या वेळी फिरून याच वर्कशॉपांतून सुटे भाग उचलतात. कुठल्या शेडमधून कुठला बोल्ट किती वाजता निघाला, हे त्यांना माहीत असतं. वर्षातून दोन दिवस त्याच फेरीच्या रस्त्याने नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याची गाडी फिरवली, तर भोसरीचा माल गोळा होऊ शकतो. कुणाच्या नावावर नोंद करायची, बॅटऱ्यांचे नियम वेगळे आहेत त्यांचं काय, खर्च कोण उचलणार, हे प्रश्न आहेत. उद्योजक संघटनांची माणसं आज सभागृहात बसलेली दिसतात. त्यांच्यापासूनच प्रश्नोत्तरं सुरू करू या.