तामतोक : शिळा आणि भाषा

मेक्सिको म्हटलें म्हणजे आझतेकांची राजधानी व माया लोकांचीं देवालयें आपणांस आठवतात. आज त्या नेहमींच्या वाटा सोडून सान लुइस पोतोसी प्रांताच्या पूर्वभागीं, तांपाओन नदीच्या कांठीं जाऊं. तेथें वास्तेक लोकांचें तामतोक हें प्राचीन स्थळ आहे.

प्रथम दिसतात त्या गवतानें झांकलेल्या टेकड्या, चौथरे व मोकळीं पटांगणें. राजवाडे शोधणाऱ्याची येथें निराशा होईल. पण त्यानें झऱ्याकडे जावें. २००५ सालीं तेथील जुन्या पाटाची दुरुस्ती चालू असतां वालुकाश्माची एक प्रचंड शिळा सांपडली. तिचें वजन ३० टनांहून अधिक आहे. तीवर तीन स्त्रिया कोरल्या आहेत. मधली समोर तोंड करून उभी आहे. बाजूच्या दोघी शिरविहीन असून त्यांच्या मानांतून निघालेले प्रवाह मधलीकडे वाहत आहेत. मृत्यु व जीवनदायी जल यांचें नातें तेथें असें झऱ्याकांठींच कोरलेलें आहे.

अवशेष पाहणारा सहज विचारतो, ‘ते लोक कोठें गेले?’ वास्तेकांविषयीं तसें विचारण्याचें कारण नाहीं. ते स्वतःस तेनेक म्हणवितात, आणि २०२० च्या शिरगणतींत त्यांची भाषा बोलणारे दीड लाखांहून अधिक भरले. ही भाषा माया कुळांतील. परंतु हजारों वर्षांपूर्वीं आपल्या भगिनींपासून विलग होऊन ती दूर उत्तरेस एकटीच नांदत आली. आपल्या ग्रामनामांच्या शेवटीं जसें ‘वाडी’ येतें, तसें त्यांच्या ग्रामनामांच्या आरंभीं ‘ताम’, म्हणजे ‘स्थान’, येतें. तामतोक, तामुइन, तांपिको हीं त्याचीं उदाहरणें.

ही भाषा सुखासुखीं टिकली नाहीं. पंधराव्या शतकांत आझतेकांनीं या प्रदेशावर खंडणी बसविली. १५२२ सालीं कोर्तेस पानुकोवर चालून आला. १५२७ सालीं नुन्यो दे गुझ्मान तेथील अंमलदार झाला. त्यानें येथील माणसें गुलाम करून कॅरिबियन बेटांवर विकलीं आणि मोबदल्यांत गुरें आणविलीं. मनुष्याची किंमत जनावरांत मोजली गेली! तरीहि मागें उरलेल्या आयांनीं मुलांस तीच भाषा शिकविली.

म्हणून तामतोकची शिळा पाहून प्रवाशानें लगेच परतूं नये. नैर्ऋत्येस डोंगरांकडे अकिसमोन गांव आहे. तेथील लोकांत थोडा वेळ बसून तेनेक बोली ऐकावी. अर्थ कळला नाहीं तरी चालेल. ज्या लोकांचे अवशेष आपण पाहून आलों, ते अजून बोलत आहेत, एवढें ध्यानांत आलें तरी प्रवास सफल झाला.