मुंबई ते कराची : ८८० किलोमीटर

अंतर भागिले वेग म्हणजे वेळ, हे सूत्र मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिलं. गणिताच्या तासाला ते कधी चुकलं नाही. इतिहासाच्या तासाला मात्र ते टिकत नाही. मुंबई आणि कराचीचंच बघा.

सरळ रेषेत हे अंतर सुमारे ८८० किलोमीटर. म्हणजे मुंबईला दिल्लीपेक्षा कराची जवळ! आजच्या जेट विमानाला दीड तास पुरे.

१५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा एका इंजिनाचं छोटं ‘पस मॉथ’ विमान घेऊन सकाळी कराचीहून निघाले. लंडनहून विमानाने कराचीपर्यंत आलेलं सुमारे २५ किलो टपाल त्यांच्याजवळ होतं. अहमदाबादला उतरून पेट्रोल भरलं आणि दुपारी दोनच्या सुमारास ते जुहूला पोचले. सगळे मिळून सात तास. आपल्या देशाच्या नागरी विमानसेवेची ही सुरुवात. गंमत म्हणजे सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. तो वेगळा झाला १९३६ साली. म्हणजे ते टपाल एकाच इलाख्यातल्या दोन शहरांमधून आलं!

माझे थोरले मामा कराचीच्या नारायण जगन्नाथ हायस्कुलात शिकले. १८५५ साली सुरू झालेली ही शाळा. १९४७ साली मामा बोटीने मुंबईला आले ते कायमचेच. एकदा जाऊन शाळा बघायची, एवढीच त्यांची इच्छा होती. पण १९६५चं युद्ध झालं. १९७१ ते १९७६ विमानंच बंद. पुढे सुरू झाली, तर व्हिसा कोण देणार?

पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून १९८२ साली जेआरडींनी तसंच छोटं विमान पुन्हा कराचीहून मुंबईला आणलं. वय वर्षे ७८! पेपरातली बातमी वाचून मामा एवढंच म्हणाले, “म्हणजे वाट आहे अजून.”

मामा गेले १९९९ साली, न जाताच. त्यानंतर २००२ आणि २००३ अशी दोन वर्षं विमानं पुन्हा बंद होती. एप्रिल २०२५मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाशच बंद केलं. आता थेट विमान नाही. दुबईवरून जायचं तर १९०० अधिक १२०० असे साधारण ३१०० किलोमीटर होतात, आणि मधला थांबा धरला तर सात तासांतही पोचणं कठीण. ‘पस मॉथ’ आधी पोचलं असतं!

असो. नातेवाईकांपैकी कोणाकडे मामांचे कराचीचे फोटो असतील तर जरूर कळवा. माझ्याकडे एकही नाही.