नव्या मंडळ्या आणि त्यांचे पुढारी

कोणत्याही नव्या समाजाची खरी परीक्षा त्याच्या संस्थापकाच्या हयातींत होत नसते. संस्थापक असेपर्यंत उत्साह असतो, पैसा येतो आणि शिस्तही टिकते. तो गेल्यावर त्याच्या जागीं उभीं राहणारीं माणसें त्याच समाजांतून निघालीं कीं नाहीं, ह्यावर पुढील आयुष्य ठरतें. महाराष्ट्रांतील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मंडळ्यांच्या इतिहासाकडे आम्ही ह्या दृष्टीनें पाहूं इच्छितों. धर्ममतांच्या खरेखोटेपणाचा वाद येथें आम्हांस कर्तव्य नाहीं. एका संस्थेनें आपले पुढारी कसे घडविले आणि तें काम कोठें अडलें, एवढाच प्रश्न आहे.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले प्रचारक १८१३ सालीं मुंबईस उतरले. अहमदनगरचें ठाणें १८३१ सालीं सुरू झालें. आरंभीं मिशनरी हाच उपदेशक, तोच शाळेचा चालक आणि तोच पंच असे. ही व्यवस्था कायम राहिली तर मंडळी सदैव पाळण्यांतच राहील, हें ओळखणारे दोन चिटणीस त्या काळीं परदेशांत होते: बोस्टन येथील अमेरिकन बोर्डाचे रूफस अँडरसन आणि लंडन येथील चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन. नव्या मंडळीनें स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, खर्च स्वतः सोसावा आणि प्रसारही स्वतःच करावा, ही त्रिसूत्री त्या दोघांच्या नांवानें ओळखली जाते. मिशनरी हा पाहुणा आहे, घरधनी नव्हे, हें तिचें मर्म होय.

१८५४ सालीं नगरास हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक ह्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. दोघेही जन्मानें ब्राह्मण. ज्या मंडळ्यांची वाढ पुढें मुख्यतः महार व मांग वस्त्यांतून झाली, त्यांच्या पहिल्या देशी पाळकांत हीं दोन नांवें असावीं, हें त्या काळाच्या मानानें लहान धाडस नव्हतें. त्याच सुमारास, १८५४-५५ च्या हिंवाळ्यांत, खुद्द अँडरसन हिंदुस्थानांत आले. पाळक देशी असावा आणि त्याचें राहणीमान मंडळीस पेलेल असें असावें, हा त्यांचा आग्रह रास्तच होता. परंतु त्याच सपाट्यांत नगरची इंग्रजी शाळा बंद झाली. प्रचारास मायबोली पुरेशी आहे, इंग्रजी शिकलेला तरुण नोकरीकडे धांवतो, असें कारण त्यामागें होतें.

येथें एक विसंगति डोळ्यांत भरते. मंडळीनें आपला कारभार आपण पाहावा असें एकीकडे सांगावयाचें, आणि ज्या भाषेंत मिशनचे ठराव होत, हिशेब लिहिले जात व बोस्टनशीं पत्रव्यवहार चाले, ती भाषा दुसरीकडे पुढाऱ्यांच्या हातांतून काढून घ्यावयाची! मायबोलीचा अभिमान आम्हांसही आहे. पण ज्या बैठकींत आपल्या भवितव्याचा निर्णय होतो तेथील भाषा ज्याला येत नाहीं, तो दाराबाहेरच बसतो. १८७८ सालीं नगरास रॉबर्ट ह्यूम ह्यांनीं धर्मशिक्षणाची पाठशाळा नीट मार्गास लावली, तेव्हां पाळकांच्या शिक्षणास पद्धति आली. परंतु मधलीं वर्षें परत मिळण्यासारखीं नव्हतीं.

खरा पुढारी मात्र पाठशाळेपूर्वीच खेड्यांत उभा राहत होता. तो म्हणजे मिशनच्या शाळेचा मास्तर. आठवडाभर मुलांना अक्षरें गिरवावयास लावावयाचीं, रविवारीं उपासना चालवावयाची, आजाऱ्याच्या उशाशीं बसावयाचें आणि पाटील-कुळकर्ण्यांकडे वस्तीचा अर्ज घेऊन जावयाचें, हीं सारीं कामें त्याच्याकडे. बलुत्यावर व मोलमजुरीवर जगणाऱ्या वस्तीला आपल्यांतलाच एक माणूस कागद वाचतो ही गोष्टच नवी होती. पुढें कृष्णराव सांगळे ह्यांच्यासारख्यांनीं कीर्तनाची जुनी पद्धति ख्रिस्तकथेस लावली. टाळ-मृदंगाचा तो घाट परक्या व्याख्यानापेक्षां श्रोत्यांस जवळचा वाटला. नेतृत्व स्थानिक झालें कीं त्याचा आवाजही स्थानिक होतो, तो असा.

परंतु मास्तराचा पगार मिशनकडून येई, आणि ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ हा नियम देवळांतही चालतो. मंडळीनें निवडलेला पाळक मंडळीस न आवडला तरी तिला फारसें बोलतां येत नसे, कारण त्याचें पोट तिच्या हातीं नव्हतें. मिशनरीशीं मतभेद झाला तर पाळकास बोलतां येत नसे, कारण त्याचें पोट मिशनच्या हातीं होतें. कोरियांत ह्याहून निराळा प्रयोग झाला. चीनमधील मिशनरी जॉन नेव्हियस १८९० सालीं सोल येथें गेले. नव्या ख्रिस्ती माणसानें आपला धंदा न सोडतां शेजाऱ्यांत काम करावें, मंडळीनें आपलें मंदिर आपल्या ऐपतीनें बांधावें, असा सल्ला त्यांनीं तेथील तरुण मिशनऱ्यांना दिला. १९०७ सालीं तेथें पहिल्या सात कोरियन पाळकांना एकदम दीक्षा मिळाली.

आमच्याकडे हा प्रश्न सर्वांत तीव्रतेनें जाणवला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांना. १८९५ सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला, १९०४ सालीं पाळकपदाची दीक्षा मिळाली. मिशनमध्यें त्यांना मान होता, ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचें संपादन त्यांच्याकडे होतें, आणि त्यांचीं पदें घरोघर म्हटलीं जात होतीं. तरीही १९१७ सालीं त्यांनीं मिशनची पगारी चाकरी सोडली, साताऱ्यास बिऱ्हाड केलें आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोहोंस तेथें जागा होती. १९१९ च्या मे महिन्यांत ते निवर्तले. दरबारास पुरतीं दोन वर्षेंही धड मिळालीं नाहींत. थोर पुरुषानें पगाराची सांखळी तोडली, पण त्याच्यामागें दुसरी फळी उभी राहण्यास अवधि मिळाला नाहीं.

दौंडजवळील केडगांवची कथा ह्याच धड्याची दुसरी बाजू होय. पंडिता रमाबाईंनीं दुष्काळांतून वांचविलेल्या मुली शिकवून तयार केल्या. त्यांतल्या कित्येक पुढें शिक्षिका व उपदेशिका झाल्या, आणि बाईंच्या मराठी बायबलाची छपाईही तेथल्याच स्त्रियांच्या हातून झाली. आपल्यामागें मनोरमेनें संस्था चालवावी अशी बाईंची योजना होती. परंतु १९२१ सालीं मनोरमा गेली आणि १९२२ सालीं स्वतः बाई गेल्या. इतक्या कर्त्या स्त्रिया जेथें घडल्या, तेथेंही वारसा एका माणसावर टांगलेला असला म्हणजे काय होतें, तें ह्यावरून दिसतें.

आतां भीमा व नीरा ह्यांमधल्या मुलखाकडे वळूं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ऑस्ट्रेलियांतील ‘चर्चेस ऑफ क्राईस्ट’ ह्या पंथाच्या मिशननें मोरोपंतांच्या बारामतीस ठाणें केलें. इंदापूर, दौंड, श्रीगोंदें ह्या बाजूंसही त्याचें काम पसरलें. ह्या पंथाची रचना आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें लक्षणीय आहे. प्रत्येक मंडळी स्वतंत्र, तिच्यावर बिशप नाहीं. कारभार तिनेंच निवडलेल्या वडिलांकडे व सेवकांकडे. प्रभुभोजन दर रविवारीं व्हावयाचें, आणि त्यासाठीं दीक्षित पाळकच हवा असा निर्बंध नाहीं. म्हणजे खेड्यांतल्या लहान मंडळीलासुद्धां, दर आठवड्यास उभें राहून प्रार्थना चालवील असा आपल्यांतलाच माणूस शोधावा लागतो. पुढारी घडविण्याची ह्याहून सोपी शाळा कोणती? परंतु नियम कितीही लोकसत्ताक असला तरी शाळा, दवाखाना व जमीन हीं जोंवर परदेशी पैशावर चालतात, तोंवर वडिलांची बैठक आणि मिशनची बैठक ह्यांत वजन कोणाचें, हा प्रश्न उरतोच.

१९४७ नंतर परदेशी प्रचारक क्रमानें कमी झाले. अमेरिकन मिशनच्या मंडळ्या १९२४ सालीं उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळींत सामील झाल्या होत्या. त्या मंडळीसह सहा संघ एकत्र येऊन १९७० सालीं नागपूर येथें ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झालें. सव्वाशें वर्षांपूर्वीं चिटणिसांनीं कागदावर लिहिलेली गोष्ट शेवटीं काळानें घडवून आणली.

ह्या इतिहासाचा बोध केवळ ख्रिस्ती बांधवांपुरता नाहीं. भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्थेसाठीं मूठमूठ धान्य गोळा केलें, तेव्हां त्या धान्याच्या किंमतीहून तें देणाऱ्याच्या मनांत उपजलेला हक्क मोठा होता. जो मूठभर देतो तो प्रश्न विचारूं शकतो. पुढारी आधीं लायक होऊं द्या, मग जबाबदारी देऊं, असें म्हणणारा पालक दोन्ही गोष्टी लांबणीवर टाकतो, कारण लायकी जबाबदारीच्या वापरानेंच येते. चूक होईल, हिशेब थोडा बिघडेल, भांडणेंही होतील. पण तो धोका पत्करल्यावांचून कोणतीही मंडळी, शाळा किंवा वाचनालय संस्थापकामागें उभें राहिल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. नगरच्या मंडळ्यांना हें उमगण्यास तीन पिढ्या लागल्या. आमच्या नव्या संस्थांनीं तरी तितका काळ घालवूं नये.