दासगाव ते महाड : पाण्याने आखलेली वाट

महाडभोवती सायकलने फेरी मारायची तर डिसेंबर-जानेवारीत, उजाडता उजाडता निघावं. सावित्रीवर धुकं असतं, हवेत गारवा असतो आणि हायवेवर ट्रकांची वर्दळ अजून सुरू झालेली नसते. चवदार तळ्यापासून निघून गांधारीच्या पुलावरून पाल्याच्या लेण्यांखाली यावं, तिथून केंबुर्ली, वहूर करत दासगावच्या बंदरापर्यंत जावं आणि तसंच माघारी फिरावं. चढ नावालाच. वयस्कर माणसालाही झेपेल, मध्ये थांबून चहा घेता येईल, अशी ही वाट. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडीकडे उतरत गेलेली भातखाचरं. चहूकडून सह्याद्रीच्या रांगा एवढ्या जवळ आलेल्या असताना मधोमध ही सपाटी आली कुठून, हा प्रश्न मोटारीत बसलेल्याला पडत नाही. पेडल मारणाऱ्याच्या पायांना तो आपसूक पडतो.

माझं सायकलचं दुकान आहे. वडिलांनी टाकलेलं. त्यांच्या वेळी दुरुस्तीपेक्षा भाड्याच्या सायकलींवर दुकान चालायचं. काळ्या, बावीस इंची, मागे भक्कम कॅरिअर, मडगार्डवर पांढऱ्या रंगाने घातलेला नंबर. वहीत नाव, गाव आणि वेळ लिहायची. गिऱ्हाईक ओळखीचं नसेल तर गावातल्या कुणा दुकानदाराची ओळख लागायची, नाहीतर मनगटावरचं घड्याळ ठेवून घ्यायचं. विन्हेऱ्याकडून, वरंधकडून एस.टी.ने माणसं यायची ती कोर्टाच्या तारखेला, तहसील कचेरीत सातबाऱ्यासाठी, बाजाराला. काम लवकर उरकलं की एखाद्या नातेवाइकाकडे जाऊन यायला सायकल न्यायची. त्यातले पुष्कळ दासगावकडे जायचे. वडील म्हणायचे, दासगावला गेलेली सायकल पंक्चर होत नाही, पोलादपूरला गेलेली हमखास होते. पोलादपूरची वाट चढउताराची आणि खडीची, दासगावची मऊ आणि सपाट.

ही सपाटी पाण्याने केलेली आहे. सावित्री महाबळेश्वरहून येते. रायगडाच्या दोन अंगांनी दोन नद्या उतरतात, एकीकडून गांधारी आणि दुसरीकडून काळ, आणि दोघी महाडच्या आसपास सावित्रीला मिळतात. समोरून बाणकोटच्या खाडीतून भरतीचं पाणी वर चढत येतं. डोंगरातून येणारा गाळ आणि खाडीतून येणारी भरती यांची गाठ जिथे पडते तिथे महाड वसलं आहे. गाव रस्त्यावर आहे असं आज वाटतं, कारण मुंबई-गोवा हायवे शेजारून जातो. पण रस्ता फार नंतरचा. महाड मुळात बंदर आहे. या गावात जे जे मोठं घडलं त्यातलं बरंचसं पाण्याच्या वाटेनं आलं, हे माझं ठाम मत आहे. फेरी मारताना ते पावलोपावली दिसतं.

पाल्याची लेणी घ्या. गांधारपाले म्हणून पाट्यांवर नाव आहे. हायवेवरून पायऱ्या चढून वर गेलं की तीसच्या आसपास कोरलेल्या खोल्या, विहार आणि चैत्य ओळीने दिसतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतलं हे काम. कुमार काणभोज विष्णुपालित याच्या दानाचा ब्राह्मी शिलालेख तिथे आहे. नदीपलीकडे कोलच्या डोंगरात आणखी लेणी आहेत. भिक्षूंना एकांत हवा असता तर वरंधाच्या रानात जागेला काय तोटा होता? त्यांनी ही जागा निवडली, कारण खालून व्यापाऱ्यांची वाट जात होती. खाडीतून आलेला माल घाटावर चढायचा आणि घाटावरचा माल खाडीत उतरायचा. लेण्याच्या ओसरीत उभं राहून खाली पाहिलं तर सावित्री, गांधारी आणि महाडची घरं एका नजरेत येतात. राखण करायला बसलेल्या माणसाने निवडावी अशीच ती जागा आहे.

पुढे शिवाजी महाराजांनी १६५६ साली जावळी घेतली, रायरी, म्हणजे आजचा रायगड, ताब्यात आली आणि पुढे राजधानी तिथे गेली. तेव्हा त्या राजधानीला सर्वांत जवळची खाडी हीच. मराठेशाहीच्या उतरत्या काळात, १७९६ मध्ये, पुण्याच्या राजकारणात कोंडी झाल्यावर नाना फडणवीस घाट उतरून महाडला येऊन राहिले आणि इथे बसून त्यांनी डाव पुन्हा जुळवला. मागे रायगड आणि पुढे खाडी, अडलेल्या मुत्सद्द्याला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

दासगावची गोष्ट मात्र जरा सावकाश सांगायला हवी. १७५६ च्या तहाने पेशव्यांनी बाणकोट आणि त्याबरोबर काही गावं इंग्रजांना दिली, त्यांत दासगाव होतं. पेशवाई बुडायच्या साठ-बासष्ट वर्षं आधी दासगाव इंग्रजी अमलात होतं. आजूबाजूचा मुलूख मराठ्यांचा आणि मध्ये हे एक बंदर कंपनीचं. त्याचा एक परिणाम असा झाला की या पट्ट्यातल्या महार कुटुंबांतले तरुण कंपनीच्या फौजेत लवकर भरती झाले. फौजेत गेलेला माणूस लिहा-वाचायला शिकला, पेन्शन घेऊन गावी आला, मुलांना शाळेत घालू लागला. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर त्यांतलेच. फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ छापलं आणि अस्पृश्यतेला उघड प्रश्न विचारले. १८९५ मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा इतर सभासदांनी खळखळ केली. पण प्रश्न विचारले गेले होते आणि ते मिटणार नव्हते.

त्याच काळात दासगावला बोटीही लागत होत्या. महाबळेश्वर थंड हवेचं ठिकाण म्हणून वसल्यावर मुंबईचे साहेब लोक बाणकोटच्या खाडीतून दासगाव-महाडला येत आणि पालखीत बसून पारघाटाने वर जात. पालख्या वाहणारी माणसं इथलीच. मग पोलादपूरहून आंबेनळीचा घाट बांधला गेला, १८७६ च्या सुमाराला तो वाहता झाला, आणि पोलादपूर नाक्याचं गाव झालं. 

आता १९२७. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२३ साली मंजूर झाला. त्याला धरून महाड नगरपालिकेनेही ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. प्रत्यक्षात तळ्यावर जायची कुणाची छाती नव्हती. दासगावच्या शाळेत शिकलेल्या रामचंद्र बाबाजी मोरे यांना लहानपणी महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारला गेला होता. त्याच मोऱ्यांनी पुढे महाडला परिषद भरवण्यासाठी धावपळ केली. १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद झाली आणि २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंच्या मोर्चाने तळ्यावर गेले, पाणी प्याले. नंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळं ‘शुद्ध’ करून घेण्यात आलं आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. आपल्या गावाच्या इतिहासातलं हे पान मला आजही खाली मान घालून वाचावं लागतं.

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली. मुंबईहून धरमतरला बोटीने उतरायचं आणि तिथून मोटारने महाडला यायचं, ही नेहमीची वाट. पण मोटारवाल्यांनी बसवून घ्यायला नकार दिला तर? धरमतरहून महाड चालत गाठता येत नाही. म्हणून मुद्दाम पाण्याची वाट धरली गेली. २४ डिसेंबरला बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतचे प्रतिनिधी ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले, हरिहरेश्वरला थांबले आणि २५ तारखेला दासगावच्या बंदरात उतरले. दासगाव ते महाड पाच मैल. कुणी मोटार दिली नाही तरी पायी जाता येईल, एवढा हिशेब त्यात होता. बंदरावर हजारो माणसं वाट पाहत होती आणि तिथून घोषणा देत मोर्चा महाडकडे निघाला. महाडात परिषदेला जागा द्यायला कुणी तयार होईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी आपली जमीन दिली. त्याच संध्याकाळी तिथे मनुस्मृती जाळली गेली. पुढे कोर्टकचेरी झाली आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने तळ्यावरचा अस्पृश्यांचा हक्क मान्य केला.

मी त्या पाच मैलांवरून सायकलने जातो तेव्हा दरवेळी एकच गोष्ट मनात येते. ज्या वाटेने व्यापाऱ्यांचा माल आला, साहेबांच्या पालख्या गेल्या आणि फौजेत जाणारे तरुण निघाले, तीच वाट त्या दिवशी माणुसकीच्या हक्कासाठी वापरली गेली. ती सपाट होती, पायी चालण्यासारखी होती, म्हणून निवडली गेली.

त्यानंतर रस्त्याचा काळ आला. १९२८ साली सावित्रीवर दगडी कमानींचा पूल बांधला गेला आणि पोलादपूरकडे जाणारी मोटार न थांबता नदी पार करू लागली. एस.टी. आली, १९९३ ला कोकण रेल्वे वीरपर्यंत आली. दासगावच्या धक्क्याकडे कुणी वळेना. खाडी गाळाने उथळ होत गेली. तोच दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि दोन एस.टी. गाड्या व एक मोटार माणसांसकट नदीत गेल्या. काळोखात, मुसळधार पावसात, पूल आहे असं धरूनच त्या आल्या होत्या. १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला, त्याचं कौतुक झालं आणि ते रास्तच आहे.

२२ जुलै २०२१ ला महाडचं बेट झालं. डोंगरात ढग फुटल्यासारखा पाऊस, तिन्ही नद्या दुथडी आणि वर भरती. सुकट गल्ली, भोईघाट, बाजारपेठ, सगळीकडे पाणी. चहूबाजूंचे रस्ते बंद, फोन बंद. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यापुढे दुकानाचं काय झालं हे सांगणं कोतेपणाचं वाटतं, तरी एक गोष्ट सांगतो, कारण ती विषयाला धरून आहे. पाणी ओसरल्यावर मी एकेक सायकल उलटी करून ॲक्सल सोडवायला बसलो. हबमधला कोन काढला तर आत ग्रीसच्या जागी गाळ. पिठासारखा बारीक, तपकिरी, बोटांवर चोळला की चिकटणारा. छर्रे त्यात रुतून बसलेले. घमेल्यात रॉकेल घेऊन एकेक छर्रा ब्रशने घासला तरी रॉकेल गढूळच राहायचं. फ्री-व्हीलचे तर पार बारा वाजले होते. तेव्हा लक्षात आलं, की ज्या गाळाने ही सपाटी केली, ज्याच्यावर आपण सायकल चालवतो आणि भात पिकवतो, ज्याने दासगावचं बंदर बुजवलं, तोच हा गाळ आहे. बंदर चालू होतं तोवर खाडी किती खोल आहे याची रोजच्या रोज कुणाला तरी काळजी होती. पोटाचा प्रश्न होता. बंदर गेलं तशी ती काळजीही गेली.

त्या पुरानंतर सावित्रीतला गाळ आणि गाळाची बेटं काढायचं काम सुरू झालं. ते दरवर्षी न चुकता व्हायला हवं आणि त्यासाठी महाडकरांनी पिच्छा सोडता कामा नये.

दुसरी विनंती बाहेरून येणाऱ्यांना आहे. २० मार्चला आणि २५ डिसेंबरला लाखो माणसं महाडला येतात, गाड्या क्रांतिस्तंभाजवळ आणि तळ्याजवळ थांबतात, अभिवादन करून परत जातात. ज्यांना जमेल त्यांनी २५ डिसेंबरला गाडी दासगावला सोडावी. बंदरापाशी जावं, खाडी पाहावी आणि तिथून महाडपर्यंतचे पाच मैल पायी किंवा सायकलने यावं. सायकलवाल्याला पाऊण तास पुरतो, चालणाऱ्याला दोन तास. हायवेवर कडेने आणि सकाळी लवकर चला, वाहनं जोरात असतात. नगरपालिकेने, जिल्हा परिषदेने या पाच मैलांवर मैलाचे पाच दगड बसवावेत आणि प्रत्येकावर १९२७ च्या त्या मोर्चाची एक-एक ओळ कोरावी. त्याला फार पैसा लागत नाही. तोवर वाट विचारत माझ्या दुकानात या. हवा भरून देईन आणि बंदराकडे कुठून वळायचं तेही सांगेन.