वस्तूची कड

मांजरी बुद्रुकच्या शिवारात 1997 पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. ‘मांजरी नवीन’, ‘मांजरी श्यामा’, ‘मांजरी मेडिका’ हे वाण तिथलेच. यांपैकी एखाद्या वाणाच्या घडाचा मांडवाखाली काढलेला फोटो संगणकावर उघडा आणि त्यातून फक्त घड कापून पांढऱ्यावर ठेवायला बसा. पेटीवरच्या लेबलासाठी ठेवा, माहितीपत्रकासाठी ठेवा, नाहीतर शोधनिबंधासाठी. फोटोतून वस्तू वेगळी काढण्याच्या या विद्येतले जवळजवळ सगळे प्रश्न त्या एका घडात भेटतात. म्हणून नव्या वाचकाला मी आधी मांडवाखाली नेतो. संगणकशास्त्राकडे मागाहून वळू.

घडाची बाहेरची कड सोपी असते. मणी गोल, त्यामुळे पेन टूलने दोन-चार बिंदू टाकून वळण बसवले की ते बसते. अडचण आत आहे. दोन मण्यांच्या फटीतून मागचे पान दिसते, आणि अशा फटी एका घडात पुष्कळ असतात. त्या तशाच ठेवल्या तर पांढऱ्या कागदावर घडाच्या पोटात हिरवे ठिपके उरतात. काळ्या वाणात मण्याची सावलीतली बाजू आणि मागचा अंधार एकच होऊन जातात. तिथे कड डोळ्यालाही दिसत नाही, शेजारच्या मण्यांच्या गोलाईवरून ती ताडावी लागते. मण्यावर पांढरट मेणाचा थर असतो. घड ताजा आहे, फार हाताळलेला नाही, हे गिऱ्हाईक त्या थरावरूनच ओळखते. रंगावरून निवड करणारी मॅजिक वाँड मात्र तो थर परका समजून सोडून देते. हिरव्या वाणाची गोष्ट तर आणखी निराळी. मणी अर्धपारदर्शक असतो. मागून ऊन आले की पानाचा रंग मण्यातून गाळून पुढे येतो. तो घड पांढऱ्यावर ठेवला की कडेचे मणी मळकट दिसू लागतात. कापणाऱ्याने रेघ अचूक मारलेली असते, तरी पान घडाबरोबर आलेलेच असते.

या विषयात येणाऱ्याने सगळ्यात आधी हे मनाशी पक्के करावे, असे मला वाटते: वस्तूची कड ही रेघ नसते. तो पट्टा असतो. त्या पट्ट्यातल्या प्रत्येक पिक्सेलमध्ये थोडी वस्तू आणि थोडी पार्श्वभूमी मिसळलेली असते. किती वस्तू, हे सांगणाऱ्या आकड्याला अल्फा म्हणतात. शून्य म्हणजे निव्वळ पार्श्वभूमी, एक म्हणजे निव्वळ वस्तू. ही कल्पना 1970 च्या दशकाच्या अखेरीस एड कॅटमल आणि ॲल्वी रे स्मिथ यांनी न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मांडली. 1984 मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी एकावर एक चित्रे रचण्याचे गणित तिच्यावर उभे केले. आज आपण पारदर्शक पीएनजी सेव्ह करतो तेव्हा प्रत्येक पिक्सेलसोबत हाच आकडा साठवला जातो.

आता यातली खरी अडचण पाहा. फोटोतला पिक्सेल आपल्याला तीनच आकडे देतो: लाल, हिरवा, निळा. शोधायचे असतात सात: वस्तूच्या रंगाचे तीन, पार्श्वभूमीच्या रंगाचे तीन आणि अल्फा. तीन समीकरणे आणि सात अज्ञाते. शालेय बीजगणित शिकलेला कोणीही सांगेल की याला एकच एक उत्तर नाही. कापण्याची आजवर निघालेली प्रत्येक पद्धत म्हणजे बाहेरची काही माहिती आणून ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न आहे. निळा किंवा हिरवा पडदा लावला की पार्श्वभूमीचे तीन आकडे आधीच कळतात. 2004 च्या ग्रॅबकट पद्धतीत माणूस वस्तूभोवती चौकट काढून देतो, आणि आतल्या-बाहेरच्या रंगांचा अंदाज बांधून संगणक सर्वांत स्वस्त पडणारा छेद शोधतो. 2023 मध्ये मेटाने ‘सेगमेंट एनिथिंग’ हे प्रारूप जाहीर केले. ते 1.1 कोटी चित्रे आणि 100 कोटींहून अधिक मास्क (चित्रातली वस्तूची जागा दाखवणारी आवरणे) यांवर घडवलेले आहे, म्हणजे ती बाहेरची माहिती तिथे जुन्या उदाहरणांतून येते. आणि पेन टूलच्या मागे? वक्राचे गणित फ्रान्सच्या मोटार कारखान्यांतले आहे, रेनोचे पिएर बेझिए आणि सित्रोएनचे पॉल द कास्तेल्झो यांचे. पण वक्र कुठून न्यायचा ते बसणाऱ्याची नजर ठरवते.

या नजरेबद्दल मला मनापासून आदर आहे. हडपसर-मांजरी पट्ट्यातल्या फ्लेक्सच्या आणि डीटीपीच्या दुकानांत दिवसभर माणसांचे फोटो कापले जातात. वाढदिवसाचा फलक असतो, लग्नाची पत्रिका असते. तिथले सर्वांत नाजूक काम मात्र श्रद्धांजलीचे. आजोबांचा एकट्याचा फोटोच नसतो. असतो तो कोणाच्या तरी लग्नातला, घोळक्यातला, खांद्यावर दुसऱ्याचा हात असलेला. तो हात काढायचा, सदरा पुरा करायचा, फेट्याचा सुटलेला शेमला शाबूत ठेवायचा, मिशीचे पांढरे केस मागच्या मांडवातून सोडवून घ्यायचे. घरच्यांना तो चेहरा पाठ असतो. कानामागे फेदर, म्हणजे कडेचा मऊपणा, दोन पिक्सेल जास्त पडला तरी “हे आमचे दादा वाटत नाहीत” असे ते म्हणतात, आणि ते बरोबर असते. हे ज्ञान प्रबंधांत फारसे आलेले नाही. ते यायला हवे.

महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळले ते छायाचित्रण आणि छपाईचे काम करून. फिल्मचा एक भाग झाकून चित्रण करायचे, फिल्म मागे गुंडाळायची, मग दुसरा भाग झाकून पुन्हा चित्रण करायचे, ही त्या काळच्या चमत्कारदृश्यांची रीत. तिथे मास्क म्हणजे खरोखरीचे काळे आवरण असे. फोटोशॉपमध्ये लेयर 1994 साली आले, पण थर आणि आवरण यांचा विचार त्याहून कितीतरी जुना आहे.

शेतीसंशोधनात कापण्याची किंमत थेट आकड्यांत दिसते. पानावर केवडा किती पसरला हे फोटोवरून मोजायचे तर आधी पान वेगळे काढावे लागते. समजा पानाचे 4,00,000 पिक्सेल आहेत आणि डागांचे 36,000. रोग 9 टक्के झाला. पानाखालची 40,000 पिक्सेलची सावली चुकून पानात धरली, तर तोच रोग 8.2 टक्क्यांवर येतो. डाग तेवढेच, पान तेच. म्हणून मोजणीसाठी कापलेल्या चित्रासोबत मूळ फोटो आणि मास्क दोन्ही जपून ठेवावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. बातमीच्या फोटोला तर याहून कडक नियम हवा. सोव्हिएत गुप्त पोलिसांचा प्रमुख राहिलेल्या निकोलाय येझोव्हला फोटोत स्टालिनच्या शेजारून पुसून टाकणाऱ्यांचे हातही कुशलच होते.

सुरुवात कुठून करावी? एका सपाट पानापासून. ते कागदावर ठेवा, ढगाळ उजेडात फोटो काढा आणि पेन टूलने कापा. मग घड घ्या. मोबाइल स्टँडवर घट्ट बसवून, उजेड न बदलता त्याचे दोन फोटो काढा, एक मागे काळे कापड धरून, दुसरा पांढरे धरून. पार्श्वभूमी दोन्हीकडे माहीत असल्याने आता समीकरणे सहा होतात आणि अज्ञाते चारच उरतात. स्मिथ आणि जिम ब्लिन यांनी 1996 मध्ये हीच वाट दाखवली. वाऱ्याने घड हलला तर ती बंद होते, तेव्हा हे सकाळी लवकर करा. मोकळ्या केसांकडे आणि फेट्याच्या शेमल्याकडे त्यानंतर वळा; ती प्रकरणे या पुस्तकात शेवटी ठेवली आहेत.